लिहायला विषय कुठे सापडतो? अभंगाच्या चरणापासून जेजुरीच्या पायरीपर्यंत

काही सुचत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांना खरं तर बरंच काही सुचत असतं, ते धरून ठेवायला मात्र काही नसतं. पाऊस, आई, सुटलेलं गाव, शहरातलं एकटेपण सगळं डोक्यात असतंच. पण 'आज पावसावर लिहू' असं ठरवून बसलं की चौथ्या ओळीला गाडी थांबते. कारण पाऊस हा नुसता विषय झाला, त्यात काही अडलेलं नाही. लिहायला लावतं ते अडलेलं काहीतरी : चरणात न मावणारा शब्द, किंवा दोन माणसांनी दोन तऱ्हांनी सांगितलेली एकच गोष्ट.

ही अडचण मुद्दाम शोधता येते. कुठे आणि कोणत्या क्रमाने, ते पुढे सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे. कान तयार नसताना जो दंतकथांच्या मागे लागतो, त्याच्या हाती माहिती लागते, कविता किंवा कथा लागत नाही. म्हणून सुरुवात छंदापासून.

पहिली पायरी : बोटांवर अक्षरं मोजा

मराठीतला सगळ्यात ओळखीचा आणि सगळ्यात कमी त्रासाचा साचा म्हणजे अभंग. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच धरायचं आणि ऱ्हस्व-दीर्घाची चिंता सोडून द्यायची. तुकोबांचा पाठ असलेला अभंग मोजून पाहा :

सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी ।
कर कटावरी । ठेवोनियां ॥

सहा, सहा, सहा, चार. 'विटेवरी'ला 'कटावरी'. तिन्ही चरणांना यमक जुळलं तर तो देवद्वार छंद; नाव आलं ते 'देवाचिये द्वारीं । उभा क्षणभरी' या ज्ञानदेवांच्या ओळीवरून. लहान अभंगात दोनच चरण, साधारण आठ-आठ अक्षरांचे : 'जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले'.

आता भक्ती बाजूला ठेवा आणि रोजच्या कटकटी या साच्यात कोंबायला लागा. गॅस संपला, सोसायटीत पाणी आलं नाही, बॉसने सुट्टी नाकारली. वाईट होऊ दे. उदाहरणादाखल :

पाऊस थांबेना । छत्री सापडेना ।
लोकल मिळेना । उशीरच ॥

ही कविता नव्हे, हे मलाही मान्य. पण चौथ्या चरणाकडे लक्ष द्या. तीन चरण धावत येतात आणि चार अक्षरांवर पाय थांबतो. त्या तोकड्या जागेत स्पष्टीकरण मावत नाही. एक कृती मावते, एक निकाल मावतो किंवा 'ठेवोनियां'सारखं अर्धवट सोडलेलं क्रियापद मावतं. आठवडाभर रोज दोन-तीन अभंग असे पाडले की काय टाकून द्यायचं हे हाताला कळायला लागतं. 'आहे', 'होतं', 'खूप', 'जणू' आपोआप गळतात. मुक्तछंद लिहिणाऱ्यांनीही हे करावं असं माझं ठाम मत आहे. मुक्तछंद नेमका कशातून मुक्त झाला, ते त्याशिवाय कळत नाही.

साचा कानात बसला की विषय शोधावा लागत नाही, याचं ढळढळीत उदाहरण बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोद्यात 1880 साली जन्म, 1951 साली मृत्यू, लिहिता-वाचता येत नव्हतं. ओवी कानात होती आणि हातात शेत, चूल, जातं. काम करता करता ओळी जुळत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 साली संग्रह निघाला. 'अरे संसार संसार । जसा तवा चुल्ह्यावर' ही ओळ बोटांवर मोजा. आठ आणि आठ. तव्याची उपमा सुचायला त्यांना कुठे जावं लागलं नाही, पण ती आठ अक्षरांत बसली म्हणून आपल्यापर्यंत आली.

गझलेकडे जायचं असेल तर जरूर जा. माधव जूलियन यांनी ती मराठीत रुजवायला घेतली, सुरेश भटांनी घराघरांत पोचवली, आणि भटांची 'गझलेची बाराखडी' तंत्र शिकायला पुरते. अक्षरगणवृत्तं मात्र नंतर. लघु-गुरूंच्या हिशेबात सुरुवातीलाच अडकलेले कित्येक जण पुढे लिहिण्याऐवजी फक्त इतरांच्या मात्रा तपासत बसतात.

दुसरी पायरी : जात्यावर बसलेल्या बाईचं ऐका

गळ्यातली ओवी कागदावरच्या ओवीपेक्षा वेगळी असते. ही पारंपरिक ओवी घ्या :

पहिली माझी ओवी । पहिला माझा नेम ।
तुळशीखाली राम । पोथी वाची ॥

मोजायला गेलात तर पहिले चरण सहाऐवजी सात अक्षरांचे भरतात. गाणारीला त्याचं काही नाही. जात्याचा फेरा पुरा होईपर्यंत एखादं अक्षर ओढता येतं, एखादं गिळता येतं, मध्ये 'गं बाई' घालता येतं. म्हणून ओव्या वाचायच्या आधी ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं मोठं काम उभं केलं. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो ठेवा आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर टप्प्याटप्प्याने येतो आहे, काही ठिकाणी आवाजासकट आणि गाणारीच्या नावासकट. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसालाही हे घरबसल्या ऐकता येतं. छापील हवं असेल तर साने गुरुजींचं 'स्त्री जीवन' आणि सरोजिनी बाबर यांनी संपादित केलेले लोकसाहित्याचे खंड पाहा. जुन्या ग्रंथालयांत ते सापडतात.

ऐकताना तीन गोष्टी टिपा. ओवी कोणाला उद्देशून आहे : भावाला, शेजारणीला, विठ्ठलाला की जात्यालाच? त्यात हाताने धरता येईल अशी वस्तू कोणती? आणि दुसरी ओळ पहिलीला कुठे फसवते? ओवीची पहिली ओळ पुष्कळदा अगदी नेहमीची असते आणि खरं दुखणं दुसऱ्या ओळीत हळूच येतं. हे तंत्र लघुकथेलाही लागू पडतं.

याच ओव्यांत पुराणकथा कशी घरात येते तेही दिसेल. ओव्यांतली सीता ही सासुरवाशीण आहे आणि कैकेयी तिला छळणारी सासू. काही गीतांत कैकेयी सीतेकडून रावणाच्या पायाच्या अंगठ्याचं चित्र काढून घेते, उरलेलं चित्र स्वतः पुरं करते आणि रामाला दाखवते. वाल्मीकींच्या रामायणात हे नाही. दळणाऱ्या बाईला सीतेच्या वनवासाचं कारण हवं होतं, धोब्याच्या बोलण्याने तिचं समाधान झालं नसावं. तिने आपल्या घरातलं कारण तिथे बसवलं. पुराणातून लेखन कसं निघतं याचा यापेक्षा चांगला धडा मला कुठल्या कार्यशाळेत मिळालेला नाही.

ओवीच्या जोडीला श्रावणातल्या कहाण्या घ्या. 'आटपाट नगर होतं' पासून 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' पर्यंत एक कहाणी मोठ्याने वाचा. वाक्यं छोटी, क्रियापदं धावती, विशेषणं जवळजवळ नाहीत. वसा मागितला की आधी दटावणी येते : 'उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील.' मग वसा घेतला जातो, संपत्ती येते, माणूस उततो, माततो. म्हणजे पुढे काय घडणार ते कहाणी आधीच सांगून टाकते आणि तरी आपण ऐकत राहतो. वर्तमानपत्रातली एखादी बातमी, समजा एखाद्या बिल्डरची, या साच्यात लिहून पाहा. उपरोध वेगळा घालावा लागत नाही.

तिसरी पायरी : गावातला दगड

पुस्तकांकडे जाण्याआधी एकदा बाहेर पडा. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत देवळाच्या आवारात, पाराखाली किंवा वेशीजवळ एखादा वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराचा स्मारकदगड, असतोच. बऱ्याचदा त्याला शेंदूर फासलेला असतो आणि तो आता दुसऱ्याच नावाने पुजला जातो. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा मरून पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्याला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहील असं आश्वासन. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतील तर मरण गुरं सोडवताना आलेलं. मुंबईत राहणाऱ्यांनी बोरिवलीतलं एकसर गाठावं. तिथल्या वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. सतीशिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसेल. दानलेखाच्या दगडावर गाढवाचं चित्र असेल तर तो गधेगाळ. दान मोडणाऱ्याला दिलेली अतिशय अश्लील शिवी तिथे कोरलेली असते. शिल्लक राहावी म्हणून शिवी दगडात कोरणाऱ्या राज्यव्यवस्थेवर कोणी कादंबरी का लिहिली नाही, हे मला कोडं आहे.

वीराचं नाव बहुतेक वेळा दगडावर नसतं. गाव मात्र त्याला नाव देतं, कथा देतं. ती कथा मिळवायची कशी?

'या दगडाचा इतिहास काय?' असं विचारू नका. समोरचा माणूस लगेच शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायला लागतो, शिवाजी महाराजांचं किंवा पांडवांचं नाव घेतो आणि गप्प होतो. त्याऐवजी निषेधाचं विचारा. इथे कोणी काय करायचं नाही? या डोहात पोहत का नाहीत? नवरीची वरात इथून का जात नाही? नाही पाळलं तर काय होतं, आणि कोणाला झालं होतं? विहिरीजवळ सात दगड मांडलेले दिसले तर त्या सातीआसरा, पाण्यातल्या देवता. त्यांच्याबद्दल पुरुषांपेक्षा बायका जास्त सांगतात. कोकणात उतरलात तर देवळातलं गाऱ्हाणं ऐका. 'व्हय म्हाराजा' म्हणत गावकरी दुजोरा देत असतात आणि त्या ओघात गावातल्या साऱ्या जागा, देव आणि भांडणं येऊन जातात. गोव्यात सातेरी देवी अनेक ठिकाणी वारुळाच्या रूपात पुजली जाते. तिथेही मूर्तीपेक्षा वारुळाबद्दल विचारलं की कथा मोकळी होते.

गुरव, वाघ्या, गोंधळी, मेंढरांमागे फिरणारा धनगर, गावातली सगळ्यात म्हातारी बाई यांना वेगवेगळं भेटा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर खूश व्हा. मध्ये दुरुस्ती करू नका, 'पण पुस्तकात तर असं आहे' हे वाक्य घरी ठेवून जा. फोनवर आवाज टिपायचा असेल तर आधी विचारा.

या कामाला आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे. महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांना विचारून, स्वामींना पाहिलेल्या माणसांना गावोगाव गाठून आठवणी जमवल्या, आणि त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. तेराव्या शतकातलं हे गद्य आजही ताजं वाटतं, कारण त्यात माणसं बोलतात, भूक लागल्याचं सांगतात, रुसतात. म्हाइंभटांनी सिद्धान्ताआधी प्रसंग जमवला.

घरी आल्यावर वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे ऐकलं तसं, सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्या बोलीत. उजवीकडे फक्त तुम्हाला पडलेले प्रश्न. तात्पर्य कुठेच लिहायचं नाही.

चौथी पायरी : आता पुस्तकं, पण एकाच कथेसाठी दोन तरी

स्थानिक कथा हाती असेल तर इंग्रजी अमदानीतली जिल्हा गॅझेटिअर्स उघडा. गावांच्या नोंदीत देवळं, जत्रा आणि आख्यायिका आहेत. लिहिणारे सरकारी अधिकारी होते, त्यामुळे त्यांची नजर सारा वसुलीची आणि जातींच्या खानेसुमारीची आहे, हे लक्षात ठेवून वाचा. पुराणातल्या व्यक्तींसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा चरित्रकोश, सण आणि दैवतांसाठी महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश, बाकी सगळ्यासाठी जालावर फुकट असलेला मराठी विश्वकोश. शब्दासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही जालावर शोधता येतात. दाते-कर्व्यांच्या कोशात एक शब्द पाहायला जाऊन तासाभराने भलत्याच शब्दापाशी पोचणं हेसुद्धा कामच समजा.

महाभारताकडे सगळेच जातात, आणि तिथेच सगळ्यात जास्त शिळं लेखन होतं. कर्णाची कैफियत, द्रौपदीचं स्वगत, अश्वत्थाम्याची भळभळती जखम : या वाटांवर इतकी पावलं उमटली आहेत की तुमचं पाऊल दिसणार नाही. तरी जायचं असेल तर पाठभेदांकडे, म्हणजे एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रतींतल्या फरकांकडे जा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. वि. स. सुखठणकर तिचे प्रमुख संपादक होते, आणि या कामासाठी 1,259 हस्तलिखितं विचारात घेतली गेली. आपण लहानपणापासून ऐकलेल्या कितीतरी गोष्टी या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाहीत. गणपती लेखनिक झाल्याची कथा नाही. वस्त्रहरणात द्रौपदीने कृष्णाचा धावा केला ते नाही. वस्त्रं येत राहतात, ती कोणी पुरवली हे पाठ सांगत नाही. मयसभेत दुर्योधनाची फजिती होते त्या वर्णनात त्याला हसतात ते पांडव भाऊ आणि नोकर. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीचं वाक्य तिथे सापडत नाही.

मग ते वाक्य तिच्या तोंडी कोणाला हवं होतं? कशासाठी? इथे लेखकाचं काम सुरू होतं. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'ने (1967) नेमकं हेच केलं : कथा नव्याने रचली नाही, असलेल्या पाठाला माणसांच्या नात्यांचे प्रश्न विचारले. विदुर हाच युधिष्ठिराचा बाप असू शकेल का, हा त्यातला एक. दुसऱ्या टोकाला लोकपरंपरेतलं जांभूळ आख्यान पाहा. त्यात कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येतं की हा सहावा असता तर. कृष्णाला ते कळतं, तो सगळ्यांना वनात नेतो, आणि झाडावरून तुटलेलं जांभूळ पुन्हा देठाला लावण्यासाठी प्रत्येकाला मनातलं खरं बोलावं लागतं. शाहीर विठ्ठल उमपांनी हे आख्यान रंगमंचावर गाजवलं. व्यासांच्या ग्रंथात नसलेली ही गोष्ट लोकांनी अशी रचली, की पाच नवऱ्यांसमोर द्रौपदीला बोलायला लागतं आणि तरी तिचा अपमान होत नाही.

पाचवी पायरी : फट शोधा

सगळं साहित्य समोर ठेवून एकच शोध घ्यायचा : दोन सांगण्यांमध्ये, किंवा सांगणं आणि प्रत्यक्ष जागा यांच्यात, फट कुठे आहे? पंढरपुरात विठ्ठल आणि रुक्मिणी शेजारी उभे नाहीत. रुक्मिणीचं देऊळ वेगळं. कथा सांगते की राधेला कृष्णाजवळ पाहून रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधत देव आला, आणि पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर उभा राहिला. म्हणजे जगाच्या लेखी तो भक्तासाठी थांबला, पण घरातून निघाला होता बायकोची समजूत काढायला. समजूत निघाली का? देवळं अजून वेगळीच आहेत. रा. चिं. ढेऱ्यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात या दैवताचे कितीतरी पदर उलगडले आहेत, पण हा घरगुती प्रश्न तुमच्यासाठी अजून शिल्लक आहे.

चांगल्या फटीची परीक्षा सोपी आहे. प्रश्न विचारल्यावर उत्तर लगेच सुचलं तर ती फट नव्हे. 'स्त्रियांवर अन्याय झाला' हे उत्तर खरं असूनही त्यातून निबंध निघतो. 'रागावलेल्या माणसाला आणायला गेलेला कोणी वाटेतच कामाला लागला तर वाट पाहणाऱ्याने किती दिवस थांबायचं?' यातून कथा निघू शकते, आणि ती मुंबईच्या चाळीतही घडू शकते, दुबईत नोकरीला गेलेल्या माणसाच्या घरीही.

सहावी पायरी : लिहून पाहू, जेजुरी घेऊन

खंडोबाच्या दोन बायकांची गोष्ट जागरणात वाघ्या-मुरळी गातात. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक, लग्न साताऱ्याकडच्या पालीला. (हेच नेवासे जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली; एका गावाच्या वाट्याला किती यावं.) बाणाई धनगराची, मालेगावजवळच्या चंदनपुरीची. सारीपाटात देव म्हाळसेकडून हरतो आणि बारा वर्षं घर सोडतो. बाणाईच्या वाड्यावर गडी म्हणून मेंढरं राखतो, मेंढरं मारतो, आणि लग्नाच्या अटीवर पुन्हा जिवंत करतो. बाणाईला घेऊन परतल्यावर दोघी सवतींची जी जुंपते तिची गाणी आजही रंगतात.

आता जागा पाहा. गडावर मुख्य देवळात खंडोबाशेजारी म्हाळसा आहे. बाणाईचं देऊळ पायऱ्यांच्या मधल्या टप्प्यावर. भांडण नको म्हणून संसार असा वाटला, असं सांगतात. फट इथेच आहे : गाण्यांत बाणाई इतकी लाडकी आणि राहायला निम्म्या वाटेवर.

पहिलं वाक्य साधं लिहा : 'गडाच्या निम्म्या पायऱ्यांवर माझं देऊळ आहे आणि म्हाळसा वर देवाजवळ बसते.' हे बाणाई बोलते आहे एवढंच ठरलं. ही झाली माहिती. आता सहा-सहा-सहा-चार. 'देऊळ आहे' मावत नाही. शिवाय स्वतःच्या राहत्या जागेला कोणी देऊळ म्हणत नाही. म्हणून 'घरदार'. त्याला यमक शोधताना 'दरबार' येतो, आणि जे साध्या वाक्यात नव्हतं ते दिसतं : एकीला घर मिळालं, एकीला दरबार.

अर्ध्या पायरीशी । माझे घरदार ।
वर दरबार । म्हाळसेचा ॥

आता ती वरची आहे की खालची, हा प्रश्न उघडा राहिला. पुढच्या कडव्यात भांडणाच्या गाण्यातला सूर घेऊ :

मेंढरांचा वास । म्हणे येतो मला ।
त्यालाच भुलला । तुझा धनी ॥

'तुझा' हा शब्द मुद्दाम. 'आपला' म्हटलं असतं तर सवत मान्य झाली असती. 'तुझा' म्हणून ती टोमणा मारते आणि हक्कही सोडत नाही. इथून तिसरं कडवं तुम्ही लिहा. हवं तर म्हाळसेला उत्तर देऊ द्या. डाव तिने जिंकला होता, हे विसरू नका.

गद्यात जायचं असेल तर बाणाई आणि म्हाळसा दोघींनाही बाजूला ठेवा. बाणाईचा बाप निवडा. त्याने अनोळखी माणसाला कामावर ठेवलं, त्याच माणसाने कळप मारला, आणि आता तो म्हणतो की पोरगी दे, मेंढरं उठवतो. बापाला तो देव आहे हे माहीत नाही. अकराशे-बाराशे शब्दांत, एका संध्याकाळची गोष्ट, चमत्कार न दाखवता. कळप उठण्याच्या क्षणी थांबायचं की आधी, हे लिहिताना ठरेल.

अरुण कोलटकर याच जेजुरीला गेले आणि त्यांनी इंग्रजीत जे लिहिलं (1976) त्यात मोडकं दार आहे, नळाचा पाइप आहे, रेल्वे स्टेशन आहे. दुसऱ्या वर्षी त्या पुस्तकाला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. देवाच्या गावी गेल्यावर गाभाऱ्याकडेच पाहायला पाहिजे असा नियम नाही.

शेवटची पायरी : कोणाचं काय, ते लिहून ठेवा

तुकोबांचे अभंग, कहाण्या, पुराणं यांवर कोणाचा हक्क नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत मात्र आपल्याकडे स्वामित्वहक्क असतो, आणि नव्या अनुवादालाही तो वेगळा असतो. म्हणून मूळ ग्रंथ कितीही जुना असला तरी अलीकडच्या अनुवादातली वाक्यं उचलू नका. ओवी ज्या बाईने गायली तिचं नाव माहीत असेल तर ते द्या, 'लोकगीत' म्हणून हात झटकू नका. नाव छापावं की नाही हे तिला विचारूनच. ज्या दैवतावर लिहिता त्याची पूजा आजही होते हे लक्षात असू द्या. घाबरायचं कारण नाही, ओव्यांनी आणि सवतींच्या गाण्यांनी देवांची जेवढी चेष्टा केली आहे तेवढी तुमच्याने व्हायची नाही. पण त्या गाण्यांना देवघरातल्या भांडणाची बारीकसारीक माहिती होती, तेवढी तुम्हालाही हवी.

आणि लिहिलेलं एकदा त्या जागच्या माणसाला वाचून दाखवा. गुरव किंवा वाघ्या 'छान आहे' म्हणाला तर आभार मानून परत या. 'असं नाही, आमच्यात वेगळं सांगतात' म्हणाला, तर वही उघडा.